‘फुटाला किती?’ : कार्पेट क्लीनिंगचं छोटं काम आणि ॲपनं लावलेली भावाची सवय

१७ सप्टेंबर २०२५ ला अर्बन कंपनी शेअर बाजारात आली. १०३ रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी १६० च्या वर उघडला. आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ज्यांना अलॉटमेंट लागली होती त्यांनी पेढ्यांचे फोटो टाकले. त्याच आठवड्यात माझ्या मावसभावाला, म्हणजे दादाला, एक फोन आला. पलीकडचा माणूस आपल्या संभाजीनगरी हिंदीत थेट मुद्द्यावर आला, “भाई, फूट का क्या लेते? ॲप पे तो रेट लिखा रहता, तुम बी सीधा बोल दो.”

दादानं सीधा बोलून टाकलं. सहा रुपये.

दादा वाळूजच्या एका व्हेंडर कंपनीत होता. लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली, तेव्हा त्यानं एक सेकंडहँड एक्स्ट्रॅक्शन मशीन घेतलं आणि सोफा, कार्पेट, गाड्यांच्या सीट धुवायला सुरुवात केली. मी सॉफ्टवेअरवाला. माझा या धंद्याशी संबंध एवढाच, की त्याच्या वहीतला हिशेब मी दर दिवाळीला गूगल शीटमध्ये चढवून देतो. यंदा चढवताना या सहा रुपयांच्या कामापाशी अडकलो. हा लेख त्याबद्दल आहे.

काम होतं एका खाजगी क्लासच्या सेमिनार हॉलचं. बाराशे चौरस फूट, कार्पेट टाइल, वर १४० खुर्च्या. सहा रुपयांनी झाले ७,२००. दादाच्या वहीत खर्च असा : छोटा हत्ती जाऊन-येऊन १,२००, रात्रपाळीची तीन पोरं २,७००, केमिकल ६५०, पाण्याची टाकी ४००, चहा-जेवण ३००, मशीनची झीज ६००. बेरीज ५,८५०. म्हणजे दादाच्या हातात १,३५०, तेही एक अख्खी रात्र जागून. इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, हॉलमध्ये कुबट वास येतोय आणि मघाशी स्वच्छ दिसलेल्या जागी तपकिरी डाग वर आलेत. परत जावं लागलं. टेम्पो, दोन पोरं, केमिकल मिळून २,७५० गेले. वर क्लासवाल्यांनी ‘वासाबद्दल’ हजार रुपये कापले. एकूण काम २,४०० रुपये तोट्यात. उरलेले ६,२०० आज डिसेंबर उजाडला तरी यायचेत.

दादा म्हणाला, “रेट कमी सांगितला.” माझं म्हणणं वेगळं आहे. सहाच्या जागी आठ सांगितले असते तरी चूक तीच राहिली असती, कारण त्यानं काम न बघता फुटाचा भाव सांगितला.

ॲपला लिखा हुआ रेट का परवडतो?

सर्व्हिस ॲप काय विकतं हे आधी समजून घेऊ. ते ‘सफाई’ विकत नाही, सफाईची वस्तू करून विकतं. थ्री-सीटर सोफा, एक बाथरूम, पाच बाय सात फुटांचा गालिचा. प्रत्येकाला ठरलेला वेळ, ठरलेलं केमिकल, ठरलेला भाव. जे या साच्यात बसत नाही ते यादीत नसतं. कुणाच्या घरी सोफा जास्त मळका निघाला, एखादं काम लांबलं, तर तो तोटा हजारो कामांच्या सरासरीत विरून जातो. विम्याचं गणित असतं तसंच हे.

शिवाय ॲपचा आजचा भाव म्हणजे खर्च अधिक नफा असेलच असं नाही. २०२५ च्या सुरुवातीला अर्बन कंपनीनं घरकामाची तातडीची सेवा सुरू केली, तेव्हा तासाला ४९ रुपये असा ओळखीचा दर लावला होता. स्नॅबिट, प्रॉन्टो हेही याच खेळात उतरले. गुंतवणूकदाराच्या पैशावर ग्राहकाला सवय लावायची आणि मग भाव सावकाश वर न्यायचा, ही पद्धत टॅक्सीपासून आपण बघतोय. ४९ रुपयांत माणसाची तासाची मजुरी, येण्याजाण्याचा वेळ आणि कंपनीचा खर्च बसत नाही हे सांगायला एमबीए लागत नाही.

दादाकडे महिन्याला दहा-बारा कामं असतात. त्यातलं एक फसलं की तो महिना गेला. सरासरीची चैन त्याला नाही. म्हणून त्याला प्रत्येक काम वेगळं मोजावं लागतं, आणि नेमकं हेच ‘फुटाला किती’ या प्रश्नानं त्याच्याकडून काढून घेतलंय.

(मी आधी हौसेनं एका चॅटबॉटला विचारलं होतं. त्यानं डॉलरमध्ये फुटाचा दर, ट्रक-माउंटेड मशीन आणि ‘ग्राहकाच्या नळाचं गरम पाणी’ असं उत्तर दिलं. ग्राहकाच्या नळाचं पाणी! आमच्या शहरात बऱ्याच वसाहतींत नळाला पाणी काही दिवसांआड येतं. जायकवाडीवरून नवी पाइपलाइन टाकायची २,७४० कोटींची योजना आहे, आणि ते काम किती रेंगाळलं हे सिडकोतल्या कोणालाही विचारा.)

सुकवण्याचं गणित

आता तो वास. मला यातला सगळ्यात रंजक भाग हाच वाटला, म्हणून जरा थांबतो.

मशीन कार्पेटमध्ये गरम पाणी सोडतं आणि लगेच ओढून घेतं. त्या रात्री अंदाजे ३०० लिटर पाणी आत गेलं. चांगलं मशीन, चांगला हात असेल तर ऐंशी टक्के परत येतं. म्हणजे साठ लिटर पाणी कार्पेटमध्येच राहिलं. ते कुठे जाणार? हवेत.

हवा किती पाणी घेऊ शकते याला मर्यादा आहे. २६ अंशांच्या हवेत घनमीटरला जास्तीत जास्त २४ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्यातली वीसेक ग्रॅम जागा आधीच भरलेली. उरली साधारण पावणेचार ग्रॅम. बाराशे फुटांचा, दहा फूट उंचीचा हॉल म्हणजे सुमारे ३४० घनमीटर हवा. त्या अख्ख्या हॉलच्या हवेत मावणार सव्वा लिटर! साठ लिटर बाहेर काढायला हॉलची हवा पन्नासएक वेळा बदलायला हवी. यंदाच्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात काय पाऊस झाला ते वेगळं सांगायला नको.

आता हेच एप्रिलमध्ये करून बघा. ३८ अंश, आर्द्रता वीस टक्के. घनमीटरला रिकामी जागा ३७ ग्रॅम. तोच हॉल, तेच पाणी, पण हवा पाच वेळा बदलली की काम झालं. (पाणी उडताना हवा थंड होते, त्यामुळे प्रत्यक्षात दोन्हीकडे आकडे वाढतात. पण मोठा फरक तसाच राहतो.) म्हणजे एकाच हॉलचं काम एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये हे दोन वेगळे धंदे आहेत आणि दोन्हीचा भाव सहा रुपये!

पावसाळ्यात मग उपाय काय? एसी. दीड टनाचा एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज ओढतो. हॉलमध्ये चार एसी होते. रात्रभर चालले असते तर सकाळपर्यंत कार्पेट कोरडं. साठेक युनिट वीज लागली असती. पण पहाटे तीनला दादाची माणसं निघाली आणि वॉचमननं सवयीप्रमाणे मेन स्विच पाडला. त्याची काही चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दारं-खिडक्या बंद, एसी बंद, साठ लिटर पाणी आत. तपकिरी डागही त्यातूनच आले. कार्पेट हळू सुकलं की तळाचा मळ पाण्याबरोबर वर चढतो, जसा दिव्याच्या वातीत तेल चढतं, आणि टोकाला येऊन बसतो.

२,७५० रुपयांची फेरी एका स्विचमुळे. आता दादाच्या कोटेशनमध्ये एक ओळ पक्की आहे : ‘काम संपल्यावर बारा तास एसी व पंखे चालू ठेवणे ही ग्राहकाची जबाबदारी. तसे शक्य नसल्यास कमी पाण्याची पद्धत वापरली जाईल किंवा पंख्यांचे भाडे वेगळे.’ आणि वॉचमनला स्वतः भेटायचं, हे कोटेशनमध्ये नसलं तरी.

आधी जाऊन बघणं म्हणजे नेमकं काय बघणं?

दादा पूर्वीही कधीमधी साइट बघायला जायचा, पण टेप लावून यायचा. क्षेत्रफळ हा त्यातला सगळ्यात कमी कामाचा आकडा आहे, ते फोटोवरूनही कळतं.

पहिलं, वीज. मशीनचा हीटर दोन किलोवॅट, वर व्हॅक्यूम मोटर सव्वा. एकूण सव्वातीन किलोवॅट म्हणजे चौदा अँपिअर. भिंतीतला साधा सहा अँपिअरचा सॉकेट जेमतेम १,४०० वॅट देतो. एसीचा सोळा अँपिअरचा पॉइंट हाताला लागतो का, तो कार्पेटपासून किती लांब, एमसीबी कुठे आहे, हे बघायचं. पॉइंट नसेल तर हीटर बंद ठेवून काम, म्हणजे वेळ जास्त.

मग पाणी. टाकीत आहे का, असलं तर बोअरचं की नळाचं? इथल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुधा जड. त्यात साबण नीट काम करत नाही आणि कार्पेटवर चिकट पांढरट थर राहतो, जो पुढे धूळ आणखी धरतो. तीनेकशे लिटर मऊ पाणी घेऊन जायचं असेल तर ते टेम्पोच्या खर्चात धरायचं. आणि मळकं पाणी ओतायचं कुठे? दुसऱ्या मजल्यावर काम आणि सांडपाण्याची जागा तळमजल्यावर, मग एक माणूस रात्रभर बादल्याच वाहतो. लिफ्ट आहे का हेही तेव्हाच विचारायचं.

तिसरं आणि महत्त्वाचं, कार्पेट कशाचं आहे. कोपऱ्यातून एक धागा काढून जाळायचा. केस जळल्याचा वास आणि हातात चुरगळणारी राख म्हणजे लोकर. तिला जहाल केमिकल अजिबात चालत नाही. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीन. दुसरा धागा पाण्यात टाकायचा, तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. ते तेल घट्ट धरतं. कँटीनजवळच्या पट्ट्याला म्हणून दुप्पट वेळ लागतो. तळाला ज्यूट असेल तर जास्त पाण्यानं ते स्वतःच तपकिरी रंग सोडतं. शिवाय पांढरा रुमाल केमिकलमध्ये ओला करून एका कोपऱ्यात दाबून बघायचा, रंग उतरतो का. हे सगळं दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते ग्राहकासमोर करावं. ग्राहक त्या दहा मिनिटांत फुटाचा प्रश्न विसरतो, हा दादाचा अनुभव.

कधी नाही म्हणायचं हेही इथेच ठरतं. बीड बायपासवरच्या लॉन्सवाल्यांकडे लग्नाचं लाल कार्पेट असतं, पातळ, नमद्यासारखं. ते धुतलं की पिंजतं. २२ सप्टेंबरपासून कार्पेटवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, धुण्याच्या सेवेवर मात्र १८ च. त्याला सरळ सांगावं, शेठ, नवं घ्या. एक काम जातं, पण तोच माणूस पुढे ऑफिसच्या सोफ्यासाठी फोन करतो.

मग भाव कसा काढायचा?

मी दादाला ॲप बनवून देणार होतो. इंजिनिअरला प्रत्येक दुखण्यावर ॲप सुचतं. शेवटी पाच रकान्यांची शीट पुरली. तोच क्लासचा हॉल तिच्यात घातला.

जायचा-यायचा खर्च, म्हणजे टेम्पो, चहा-जेवण आणि आधीच्या भेटीचं पेट्रोल धरून १,८००. हा खर्च शंभर फूट असो की हजार, तेवढाच. मग तास : खुर्च्या हलवायला दीड, कोरडं व्हॅक्यूम दीड (यात कंटाळा करायचा नाही, सुकी धूळ ओली केली की चिखल होतो), धुणं चार, खुर्च्या परत लावायला एक. आठ तास. तीन पोरांचे तासाला ३४० आणि दादाची स्वतःची मजुरी ३००, असे ६४० गुणिले आठ म्हणजे ५,१२०. केमिकल, पाणी, झीज १,६५०. एकूण ८,५७०. त्यावर परत जावं लागण्याच्या धोक्याचे दहा टक्के आणि मग वीस टक्के नफा. साधारण ११,३००.

फुटाला नऊ रुपये चाळीस पैसे. पण हा आकडा शेवटी निघालाय, सुरुवातीला नाही. हीच शीट १८० फुटांच्या डॉक्टरांच्या केबिनला लावली तर भाव फुटाला सतराच्या आसपास जातो, कारण टेम्पो तोच. म्हणून दादानं आता किमान कामाचे ३,००० ठरवलेत. उलट शेंद्र्याच्या एखाद्या मोकळ्या, फर्निचर न लागलेल्या सहा हजार फुटांच्या ऑफिसला पाच रुपयांतही नफा सुटेल.

बघा, शीटमध्ये ‘दादाची मजुरी’ नावाचा रकाना पहिल्यांदाच आला. पाच वर्षं तो स्वतःची रात्र फुकट धरत होता.

जीएसटी, आणि अडकलेले ६,२००

दादाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे, त्यामुळे त्याला सेवेवर जीएसटी लावायचा नाही. ॲपवरून आलेल्या अशा नोंदणी नसलेल्या कारागिराच्या घरगुती सेवेवर मात्र कलम ९(५) प्रमाणे कर ॲपला भरावा लागतो. म्हणजे घरगुती ग्राहकाला दादा करापुरता स्वस्त पडतो. पण हा फायदा कंपन्यांकडे चालत नाही. जीएसटीत नोंदणी असलेल्या कंपनीला भरलेल्या कराचं क्रेडिट साधारणपणे मिळतं, तिला १८ टक्क्यांचं ओझं वाटत नाही. उलट ‘जीएसटी बिल आहे का’ हा पर्चेसवाल्याचा पहिला प्रश्न असतो. बिडकीन-शेंद्र्याकडे नव्या ऑफिसांची कामं येतील असं गणित असेल (टोयोटानं जुलै २०२४ मध्ये सुमारे वीस हजार कोटींचा करार केलाय, बाकीचेही येतायत), तर नोंदणी कधीतरी ऐच्छिक करून घ्यावी लागेल. माझ्या मते दादानं अजून एक वर्ष थांबावं. त्याची निम्मी कामं घरगुती आहेत आणि दर महिन्याची रिटर्न कोण भरणार, मीच ना!

उद्यम नोंदणीत मात्र एक दिवसही थांबू नये. ती फुकट आहे, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते. तिचा उपयोग असा : नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत पाळली नाही तर जुन्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) प्रमाणे घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी येतो. उशिराबद्दल बँक दराच्या तिप्पट व्याजाची तरतूद एमएसएमई कायद्यात आधीपासून आहे, आणि ऑनलाइन तक्रार करता येते. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला दिसला की मार्च जवळ येताना अकाउंटंटच आपल्या मालकाला आठवण करून देतो. कुठल्याही वसुलीच्या फोनपेक्षा हे बरं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमाचा क्रमांक वेगळा, तेवढं बिल छापताना बघून घ्या.

नोंदणी काम करण्याआधीची हवी, ही यातली मेख. दादानं ती ऑक्टोबरमध्ये केली. क्लासचं काम सप्टेंबरचं. त्या ६,२०० साठी दादा दर सोमवारी फोन करतो आणि ‘सर मीटिंगमध्ये आहेत’ हे ऐकतो.

एक बातमी जाता जाता. २१ नोव्हेंबरपासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यात ॲप कंपन्यांनी गिग कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के (कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत) द्यायचे आहेत. हा खर्च कधी ना कधी ॲपच्या भावात दिसेल. दादाच्या तीन पोरांसाठी अशी कंपनी नाही. त्यांना मी ई-श्रमवर बसवलं, एकाचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला नव्हता म्हणून तो राहिलाय.

परवा जालना रोडवरच्या एका हॉटेलातून फोन आला. बँक्वेट हॉल, लग्नसराई संपली की धुवायचाय. प्रश्न तोच, फूट का क्या? दादा म्हणाला, “साहेब, आधी बघून येतो.” जाताना टेप नेला, लायटर नेला, पांढरा रुमाल नेला आणि माझ्याकडून मागवलेलं हवेतली आर्द्रता दाखवणारं साडेतीनशे रुपयांचं यंत्र नेलं. रात्री शीटचा स्क्रीनशॉट पाठवला. तासांच्या रकान्यात त्यानं माझ्यापेक्षा दोन तास जास्त धरले होते. मी विचारलं कशाचे. म्हणाला, सर्व्हिस लिफ्ट बंद आहे.